टोकदार इमारतीचा एकच फोटो

२६ जून १९९५, सोमवार
गिस्लेन काल आल्बीला बहिणीकडे, आर्लेतकडे गेली. दोन बॅगा आणि शिवणयंत्र घेऊन. हवापालट, दुसरं काय! शिवणयंत्र नेलं म्हणजे आर्लेतचे पडदे शिवायचे असणार. दारात म्हणाली, आन्सेल्म, तीस वर्षांत सुरू केलेली एक तरी गोष्ट संपव. एकच. मग फोन कर.
आता स्वयंपाकघराच्या फरशा अर्ध्यावर आहेत, मान्य. पण गॅरेजमधली होडी जवळजवळ झालीच आहे. फक्त तळ बसवायचा राहिलाय.
ठरलं. कोपऱ्यावरच्या 'इस्त्री'चा फोटो. दोन रस्त्यांच्या बेचक्यात घुसलेली ती गुलाबी विटांची निमुळती इमारत. लग्नानंतर आम्ही तिथेच राहिलो, तिसऱ्या मजल्यावर, अगदी टोकाच्या खोलीत. पलंग तिरका लावला तरच दार उघडायचं. १६ सप्टेंबरला लग्नाला तीस वर्षं होतात. फ्रेम करून देणार, ती परत येणार. अडीच महिने म्हणजे बक्कळ वेळ.

४ जुलै, मंगळवार
मोठा लाकडी कॅमेरा काढला. बाथरूमची डार्करूम केली. आंघोळ आता सिंकपाशी.

११ जुलै
एक शोध. दोन्ही भिंतींवर सारखा लाइट फक्त संध्याकाळी पावणेनऊला, बारा मिनिटं. आणि नेमकी तीच वेळ अख्ख्या गल्लीची पास्तिस, ती बडीशेपेची दारू, प्यायची. इमारतीच्या टोकालाच फेर्नांचा कॅफे. टेबलं फुटपाथभर, माणसं खच्चून. फेर्नांला म्हटलं, दोन मिनिटं उठव सगळ्यांना. म्हणाला, हातात ग्लास असताना इथला माणूस फक्त अँब्युलन्ससाठी उठतो.
असंस्कृत लोक.

१९ जुलै
फेर्नां म्हणाला, अरे, माणसांसकट काढ की! मी त्याला समजावलं की आर्किटेक्चरच्या फोटोत माणूस म्हणजे डाग. तो म्हणाला, मग तू स्वतःच्या लग्नाचे फोटो कसे काढले असशील देव जाणे. लग्नाचे फोटो मी काढलेच नव्हते. रोल आणायला गेलो तेव्हा दुकान बंद होतं.

५ ऑगस्ट
सगळे सुट्टीवर. गल्लीत कुत्रं नाही. आता बघा!

६ ऑगस्ट
झालं वाटोळं. फेर्नांचं शटर खाली, त्यावर 'दोन सप्टेंबरला भेटू' असा कागद. वरच्या खिडक्या बंद, कुंड्यांतली फुलं वाळलेली. इमारत मेल्यासारखी दिसते. असा फोटो बायकोला कसा देणार? सप्टेंबरमध्येच काढीन. तोवर फरशा बसवाव्यात.

३० ऑगस्ट
फरशा बसवल्या नाहीत. ऊन फार होतं.

४ सप्टेंबर, सोमवार
इमारतीच्या दारावर नोटीस: अठरा तारखेपासून भिंतींची सफाई, परांची चढणार, मुदत चौदा महिने. चौदा! म्हणजे माझ्याकडे दोनच आठवडे. बरंच झालं. मी प्रेशरखालीच उत्तम काम करतो.
नगरपालिकेत जाऊन शुक्रवारसाठी 'पार्किंग बंद'चा परवाना काढला. नियमाप्रमाणे झाडांवर कागद मीच चिकटवले. चारही झाडांवर. सुवाच्य अक्षरात.

८ सप्टेंबर, शुक्रवार
रस्ता मोकळा! एकही गाडी नाही. कॅमेरा जड, म्हणून गाडी तिथेच लावली आणि फेर्नांकडे एक कॉफी घेतली. बाहेर येतो तर माझी गाडी टोईंगवाल्यांच्या ट्रकवर. डिकीत कॅमेरा. मी धावलो, ओरडलो, परवाना दाखवला. तो ट्रकवाला म्हणाला, काका, झाडावर 'पार्किंग बंद'चा कागद तुम्हीच लावलाय, वाचून दाखवू का?
टोईंगचं आवार आता सोमवारी उघडेल.

१२ सप्टेंबर
कॅमेरा मिळाला. पाऊस.

१३ सप्टेंबर
पाऊस. सकाळपासून फोन तीनदा वाजला. दचकायला होतं, कॅमेऱ्याच्या प्लेटा लोड करताना हात हलतो. वायरच उपटून ठेवली. कोण असणार, लाइटबिलवाले.

१५ सप्टेंबर, शुक्रवार
पाऊस. उद्या शेवटचा दिवस. जेवलो नाही. गिस्लेनचा एक ब्लाऊज कपाटात राहिलाय, तो उगाच घडी करून परत ठेवला. आज पहिल्यांदा वाटलं, की ती पडदे शिवायला गेलेली नाही. देवा, उद्या फक्त बारा मिनिटं ऊन दे. एवढं एक जमू दे. मला ती घरात हवी आहे.

१६ सप्टेंबर, शनिवार
ऊन! आणि नशीब असं, की परांचीवाल्यांनी आजपासूनच पार्किंग बंद केलंय आणि संध्याकाळी रग्बीची मॅच. सगळी गल्ली कॅफेच्या आत, टीव्हीसमोर. बाहेरची टेबलं रिकामी. अडीच महिन्यांत प्रथमच.
सात वाजून पाच मिनिटं; दिवस लहान झाल्यामुळे तो लाइट आता याच वेळी येतो. काळ्या कापडाखाली डोकं घातलं. काचेवर नेहमीसारखं सगळं उलटं, छप्पर खाली, रस्ता वर. फोकस परफेक्ट. तेवढ्यात एक बाई आली आणि नेमकी टोकाशी जाऊन उभी राहिली. पाय वर, डोकं खाली, हातात बॅग. कॅमेऱ्याकडे बघत! मी कापडातूनच ओरडलो, अहो बाई, सरका तिथून, अडीच महिने थांबलोय मी! ती हलेना. मी परत ओरडलो, जरा अक्कल आहे का? मग सरकली.
क्लिक. झाला! संपवली एक गोष्ट! मी कापडाखालीच रडलो.
फेर्नांला सांगायला आत गेलो. तो म्हणाला, अरे गाढवा, ती गिस्लेन होती. तीन दिवस तुझा फोन लागत नव्हता म्हणून आज आगगाडीने आली. अर्धा तास इथे खिडकीत बसून तुला बघत होती. कौतुकाने बघत होती रे! मग म्हणाली, जाते, त्याच्या फोटोत उभी राहते.
मी विचारलं, आता कुठे आहे? म्हणाला, स्टेशनवर. काही बोलली? हो, म्हणाला. जाताना म्हणाली, त्याला सांगा, मी सरकले.
स्टेशनपर्यंत धावलो. ट्रायपॉडसकट, कारण तो सोडला असता तर चोरीला गेला असता. आल्बीची गाडी सात चाळीसला सुटली. मी सात त्रेचाळीसला पोचलो.

१७ सप्टेंबर, रविवार
निगेटिव्ह धुतली. अप्रतिम. वीट न् वीट मोजता येते. तिसऱ्या मजल्याची खिडकी उघडी, पडदासुद्धा दिसतो. रस्त्यावर एकही माणूस नाही.
वायर लावून आल्बीला फोन केला. आर्लेतने उचलला. म्हणाली, ती फोनवर येणार नाही. मी म्हटलं, निदान एवढं सांग, की फोटो पूर्ण झाला. आर्लेत म्हणाली, ते तिला माहीत आहे, ती होती तिथे.