चालतं शोकेस

प्रिय बाबा,

हे फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही नेहमीसारखा एक विनोद केला असता आणि "घे, आईशी बोल" म्हणून फोन तिच्या हातात दिला असता. म्हणून लिहिते आहे. पत्र आईच्या हातूनच तुमच्याकडे येईल, पण तिनं ते फोडलेलं नसेल. सध्या ती तुमच्याशी कामापुरतंच बोलते हे मला माहीत आहे. का, तेही माहीत आहे. त्यावर येणारच आहे, पण आधी कामाचं.

सोमवारी मुख्य कचेरीतली माणसं तुमच्या दुकानात येत आहेत. तुम्ही दारात कोसळलात त्याची चौकशी आहे. आमच्या कापड तपासणाऱ्या प्रयोगशाळेकडून त्यांनी तेव्हा तुमच्या अंगावर असलेल्या जाकिटाचा अहवाल मागवला आहे आणि तो घेऊन मी येणार आहे. माझ्याऐवजी दुसऱ्या कुणाला पाठवा, पडलेला माणूस माझा बाप आहे, असं मी आमच्या मॅडमना स्वतःहून सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "अगं, मोजलंस तू. मग प्रश्नाला उत्तर काय शेजारणीनं द्यायचं?" त्यांनी तिघांसमोर चाचणी पुन्हा करायला लावली. आकडे तेच आले. तेव्हा मुलगी म्हणून काही वाढवलं असेल, ही शंका तुम्ही मनातून काढून टाका.

तुम्हाला आठवतं का, शोकेस बदलायच्या दिवशी तुम्ही मला दुकानात न्यायचात. काचेतल्या पुतळ्यांना नवे कपडे चढायचे, आणि मग तुम्ही सगळे विक्रेतेही आत जाऊन तेच कपडे घालून बाहेर यायचात. आरशासमोर एक गिरकी घेऊन तुम्ही म्हणायचात, "पुतळ्याला बोलता येत नाही, म्हणून आम्ही. आम्ही चालतं शोकेस." मी कापडाच्या टेपनं तुमच्या बाह्या मोजत बसायचे. डावी बाही उजवीपेक्षा लांब आहे, असं मी एकदा गिऱ्हाइकासमोर मोठ्यानं जाहीर केलं, तेव्हापासून तुम्ही मला ज्या नावानं हाक मारता ते मला कधीच आवडलं नाही. पण तेव्हा ती रीत मजेची होती, कारण बाहेर ऊन असेल तर तुमच्या अंगावर सुती शर्ट असायचा.

मग दुकान परदेशी दुकानांच्या एका मोठ्या साखळीनं घेतलं आणि मोसम दुसरीकडे ठरायला लागले. जिथं कॅलेंडर बनतं तिथं बर्फ पडायच्या बेताला आलं, की आपल्याकडे लोकरीचे गठ्ठे उतरतात आणि जुन्या रीतीनं तुमच्या अंगावर चढतात. त्या दिवसांत आपल्याकडे रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत असतं. पातळ कपडे 'मोसम संपला' म्हणून गोदामात जातात. आपल्याकडे जरा गारवा येतो तेव्हा हँगरवर पोहायचे पोशाख लटकत असतात, आणि थंड देशात शिकायला निघालेला मुलगा कोट मागायला आला की त्याला हात हलवत परत जावं लागतं. नातीसाठी बिनबाह्यांचा फ्रॉक शोधणाऱ्या त्या आजींचा किस्सा तुम्हीच मला सांगितला होता. मोसम संपला म्हटल्यावर त्यांनी दाराबाहेर पाहिलं आणि विचारलं, "अहो, संपला असेल तर त्या सूर्याला कळवलंत का?" तुम्ही पोट धरून हसला होतात. आणि मग काउंटरखालून त्यांना हवं ते काढून दिलंत. जुन्या गिऱ्हाइकांसाठी तुम्ही तिथं पातळ सुती कपडे दडवून ठेवता, अर्ध्या बाह्यांचे शर्ट, मुलांची झबली, चोरीचा माल असल्यासारखे. गिऱ्हाइकाला काय हवं ते तुम्हाला कळतं. स्वतःच्या अंगाला काय हवं ते मात्र दुकानाच्या साहेबांना विचारून ठरतं.

आता जाकिटाचं. साहेबांना माझ्याकडून एकच वाक्य हवं आहे, की कापड हवा खेळती ठेवतं. ते खरं आहे. कापड उत्तम आहे. पण आमच्याकडे रीत अशी, की कापडाचा एक तुकडा घ्यायचा आणि वीस अंशांच्या खोलीत तापलेल्या धातूच्या पत्र्यावर ठेवून तपासायचा. तुम्ही तुकडा घातला नव्हता आणि खोलीतही उभे नव्हता. तुम्ही आत अस्तर, मध्ये भरण, वर कॉलरपर्यंत बटणं लावलेलं अख्खं जाकीट घालून सताड उघड्या दारात, शोकेसच्या दिव्यांखाली उभे होता. गिऱ्हाईक आत यावं म्हणून ते दार मिटत नाहीत आणि दुपारी वरचा एसी बंद करतात, हे मला तुमच्याकडूनच कळलेलं आहे. म्हणून मी तुमच्या हाताखालच्या त्या पोरीला, चिमणीला, तिथं तापमापक टांगायला सांगितलं. रागावू नका तिच्यावर. दुपारी चौतीस अंश होतं.

आमच्याकडे माणसाएवढा एक धातूचा पुतळा आहे. त्याला माणसासारखा घाम येतो. सगळ्यात गार खोली त्याची आणि दिवसभर सगळे त्याच्या अंगाला हात लावून त्याचं काय बिनसलंय ते बघत असतात, म्हणून त्याला आम्ही जावईबापू म्हणतो. खोली चौतीस अंशांवर नेली आणि जावईबापूंना तुमच्या मापाचं जाकीट घातलं. घाम अस्तराशी अडला. आतली उष्णता बाहेर जायला वाट राहिली नाही, ती साचत गेली. मी काचेबाहेर उभी राहून आकडे चढताना बघत होते. चाचणीच्या वेळी पुतळ्याच्या जागी कुणाला पाहायचं नसतं. मी पाहिलं.

तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, "सकाळपासून पोटात काही नव्हतं, घेरी आली." डॉक्टरांना सांगितलंत, साहेबांना सांगितलंत, आणि सोमवारीही तेच सांगणार आहात. बाबा, त्या सकाळी मी फोनवर होते. तुम्ही खात होता. भाजलेल्या पावाचा कुरकुर आवाज माझ्या कानात येत होता आणि मी म्हटलं, "आधी खाऊन घ्या, मग बोलू," तर तुम्ही भरल्या तोंडानं म्हणालात, "बापाला शिकवू नकोस." मागून आई विचारत होती, अजून एक अंडं देऊ का. तुम्ही हो म्हणालात.

आता आईचं. शेजारच्या काकू जिन्यात तिला म्हणाल्या, "काय हो वहिनी, भाऊजींना उपाशी धाडता होय कामाला?" आई हसली आणि पिशवी घेऊन वर आली. मला तिनं हे सांगितलं तेव्हाही ती हसत होती. तुमचं खोटं पडलं कुणाच्या अंगावर, याचा विचार केलात का? इतकी वर्षं तुम्ही घरातून उपाशी बाहेर पडला नाहीत, तो तिचा हट्ट होता. ते तुम्ही एका वाक्यात पुसून टाकलंत, आणि तिनं तुम्हाला एका शब्दानंही विचारलेलं नाही. तिला वाटतं, तुमच्याकडे काही कारण असेल.

कारण मला कळलं आहे. साहेब तुम्हाला शुद्धीवर येता येताच म्हणाले होते, "काका, वय झालं की उभं राहणं झेपत नाही. आत गोदामात बसा आता." चिमणी जवळ होती, तिनं ऐकलं. तुम्ही लगेच उपाशी असल्याचं सांगितलंत. म्हातारा म्हणवून घेण्यापेक्षा वेंधळा म्हणवून घेणं तुम्हाला बरं वाटलं. निवृत्तीपर्यंत ते दार तुम्हाला सोडायचं नाही. मला हे समजतं. पण मोजून सांगते, बाबा: तुमच्या वयाचा त्यात फारसा हात नव्हता. त्या दारात, त्या जाकिटात, पंचविशीतलाही कोसळेल.

हे मी नुसतं म्हणत नाही. तुम्ही दवाखान्यातून आल्यापासून साहेबांनी तुम्हाला काउंटरमागे पंख्याखाली बसवलं आहे आणि दारात चिमणी उभी राहते. जाकीट तुमचंच आहे, तिच्या मापाचं आलं नाही म्हणून बाह्या दुमडून घालते. तिनं तुम्हाला सांगितलं होतं, की दुपारी डोळ्यांपुढे काजवे चमकतात. तुम्ही तिला काय म्हणालात? "पोटभर खाऊन येत जा, पोरी. माझ्यासारखं करू नकोस." तिचा विश्वास आहे तुमच्यावर. ती आता दोन घास जास्त खाऊन येते आणि तशीच उभी राहते. परवा तिनं काचेला टेकून तोल सावरला. मला फोन करून तिनं विचारलं, "ताई, अजून किती खाऊ?" शनिवारी गर्दी असते, तेव्हा तिला जाकीट काढायला लावा. सोमवारची वाट बघू नका. एवढं तरी तुमच्या हातात आहे. पोरांच्या बाबतीत साहेब तुमचा शब्द मोडत नाहीत.

सोमवारी मी कापडाचा अहवाल वाचेन, मग अख्ख्या जाकिटाचा. मग ते विचारणारच, की माणूस स्वतः सांगतोय उपाशी होतो, त्याचं काय? त्यावर मला म्हणावं लागेल, "ते खोटं बोलताहेत. मी त्यांची मुलगी आहे आणि मी तेव्हा फोनवर होते." तुमच्या साहेबांसमोर, तुम्ही घडवलेल्या पोरांसमोर. मी ते म्हणणार आहे. ते तुम्ही पहिल्यांदा तिथं, उभ्या उभ्या ऐकू नये, म्हणून हे पत्र. पण एक वाट आहे. काउंटरखाली दडवलेल्या शर्टांतला एक तुमच्या मापाचा आहे, फिकट निळा, अर्ध्या बाह्यांचा. मागच्या खेपेला मी पाहिला होता. सोमवारी तो घालून दारात उभे राहा. मी आत येताना तो शर्ट दिसला, की मला कळेल तुम्हीच बोलणार आहात, आणि माझं ते एक वाक्य मी गिळून टाकेन. तुम्ही फक्त एवढंच सांगा, की सकाळी पोटभर खाल्लं होतं, बायकोनं वाढलेलं. बाकीचं मी सांगते, आकडे माझ्याकडे आहेत. आणि अंगावर जाकीट असलं, तरीही मी येईन, बाबा. फक्त तेव्हा तुमच्याकडे न बघता बोलेन, म्हणजे आवाज नीट राहील.

तुमचीच,
मोजपट्टी