डावीकडचा शेवटचा खण

४ मार्च
आईला पुन्हा हुडहुडी. खुबा मोडून अंथरुणाला खिळली, लघवीची नळी लागली, तेव्हापासून हे चालूच. पण मी कशाला आहे! दुकानातल्या कपाटात वर बॉबिन, स्प्रिंगा, सुया. डावीकडच्या शेवटच्या खणात आईची अँटिबायोटिक — अर्ध्या-अर्ध्या स्ट्रिपा. ताप उतरला की गोळ्या बंद, उरलेल्या पुढच्या वेळेला. एकीने भागलं नाही तर दुसरी. शिलाई मशीन दुरुस्त करायला मला कुणी शिकवलं होतं? खोललं, बघितलं, कळलं. औषधाच्या खोक्यातला कागद भिंगाखाली वाचला, तेही कळलं.

ही म्हणते, "अहो, माणूस आहे तो, मशीन नाही." म्हणे!

५ मार्च
ताप हटेना. आई मला ओळखेना. हॉस्पिटल.

डॉक्टरीण म्हणजे कालचं पोर! एप्रनच्या खिशाची शिवण उसवलेली — स्वतःचा खिसा सांभाळता येत नाही, ही आईला सांभाळणार. "जंतू रक्तात गेलेला दिसतोय," म्हणाली. मग उलटतपासणी. नळी कधीपासून? आधी कुठे ॲडमिट होत्या? गेल्या तीन महिन्यांत कुठली अँटिबायोटिक?

"एकही नाही," म्हटलं.

का सांगू? कपाळाला आठ्या घालून प्रवचन देणार, तेही नर्सबाईंसमोर! शेजारी बायको तोंड उघडणार होती. मी नुसतं बघितलं तिच्याकडे. मग आईची चादर आणते म्हणून घरी गेली. एका चादरीला एवढा वेळ!

६ मार्च
काय अक्कल! मी "एकही नाही" सांगितलंय, रिपोर्ट यायचाय, तरी डॉक्टरीणबाईंनी कालच एकदम भारीतलं इंजेक्शन लावलंय. चिलटाला हातोडा! विचारलं तर म्हणते, "अंदाज आहे." मी अंदाजाने सुई बसवली तर गिऱ्हाईक मशीन डोक्यात घालेल.

जाताना हळूच — "काका, काही आठवलं का?"

काका!

७ मार्च
पुन्हा तेच. आठवलं का. नाही म्हटलं.

८ मार्च
रिपोर्ट आला. साधी औषधं त्या जंतूपुढे निकामी. चालू आहे तेच लागू. बोलाफुलाला गाठ, दुसरं काय!

"इथेच चिकटला असणार," मी मोठ्याने म्हणालो, शेजारच्या खाटेला ऐकू जाईल असं.

"रक्त आल्या-आल्याच घेतलं होतं, काका," एवढंच बोलली. आणि वर, "काही आठवलं का?" तबकडी अडकली आहे हिची!

दुपारी आईने डोळे उघडले. माझ्याकडे बघून म्हणाली, "दाढी कर."

बाहेर जाऊन तोंड धुतलं. बराच वेळ.

९ मार्च
दुकान उघडलं. डावीकडचा शेवटचा खण नाही. आख्खा खण! चोराला काय त्याचं?

हिला विचारलं. भांडी घासता घासता, मान वर न करता: "पहिल्याच दिवशी नेऊन दिला डॉक्टरांना. चादरीत गुंडाळून. त्या म्हणाल्या, हे कळलं नसतं तर साधंच इंजेक्शन दिलं असतं. रिपोर्ट येईपर्यंत आई राहिल्या नसत्या."

म्हणजे पोरीला सगळं ठाऊक होतं. ठाऊक असून रोज विचारत होती.

मी हिच्यावर ओरडणार होतो.

१० मार्च
डॉक्टरीण आली, आईची नाडी बघितली, निघाली. आज विचारलं नाही.

दारापर्यंत मागे गेलो. म्हटलं, "आठवलं."