वाढवलेला महिना

सें पिएर, शुक्रवार, ४ जुलै १८६२

प्रिय कृष्णा,

या बेटावर आषाढात थंडी, आणि यंदा ती लवकर आली. सकाळी उसात शिरलं की दवाने धोतर भिजतं आणि माझे गुडघे कुरकुरतात. दादा म्हातारा झाला, असं तू म्हणशीलच. एरवी या दिवसांत ओढ्याकाठचे वाफे मोकळे झालेले असतात. वांग्याची रोपं उपटायची, शेवटची भाजी वस्तीत वाटायची आणि देवशयनी एकादशीला पोथी लावायची, हा आपला रिवाज. मग चार महिने वांगं नाही, कांदा नाही, भांडणसुद्धा बेताने. मजुरीचा करार मोडून तू पळालास, तरी गेली दोन वर्षं त्या दिवशी तुझ्या लपायच्या गावाहून, नुव्हेल फ्रांसहून, चालत आलास, पोथी वाचलीस आणि लगेच परतलास. नवऱ्याच्या तेवढ्या आवाजावर गंगा वर्ष काढते. तिच्या पदरात एवढंच पडतं, याचा मला तुझ्यावर राग आहे. आज लिहूनच टाकतो.

यंदा मात्र वाफे हिरवेगार आहेत. मी वस्तीला सांगितलंय की अधिक महिना आला, एकादशी महिन्याने पुढे गेली. पंचांग कुणाकडेच नाही, दर पौर्णिमेला दोरीला गाठ मारणारा मी एकटा. त्यामुळे मी म्हणेन ती तिथी. शेजारच्या बसंतीने तर खुशीत आणखी मेथी पेरली. तू तिकडे स्वतः मोजतोस, तेव्हा म्हणशील, दादाची गाठ चुकली. चुकलेली नाही. अधिक पुढच्या वर्षी आहे. वडिलांनी शिकवलेलं मी विसरलो नाही, मी खोटं बोललो.

गेल्या महिन्यात मुकादम बाबूराव माझ्या दारात येऊन बसला. पोथी कधी लावणार, त्या दिवशी लवकर सोडतो, असं फार गोड बोलला. हा माणूस ताप चढलेल्यालाही सोडत नाही. तू पोथीला येतोस याचा त्याला सुगावा लागलाय आणि तो तुला पकडायला टपलाय, हे माझ्या ध्यानात आलं. तेवढ्यात तोंडातून अधिक महिना निघून गेला. त्याला जे सांगितलं तेच सगळ्यांना सांगणं भाग पडलं. आता ऐन एकादशीला साठ माणसं माझ्या शब्दावर वांग्याची भाजी जेवतील. मलाही त्यांच्यात बसून खावी लागेल, नाहीतर बाबूरावला संशय येईल. देव काय म्हणेल याची भीती वाटते, खोटं कशाला सांगू.

खरी एकादशी सोमवारी आहे. तू निघणारच, म्हणून हे पत्र गाडीवान हरिप्रसादच्या हाती देतो. तो आपला माणूस आहे. वस्तीत पाऊल टाकू नकोस, दुपारी थेट ओढ्याकाठी ये. गंगा कुठेही गेली तरी बाबूरावचा माणूस तिच्या मागे असतो, पण वाफ्यांना पाणी घालायला जाते तेव्हा नसतो. वाफे मोडले असते तर तिला तिकडे जायला निमित्तच उरलं नसतं. तिला मी काही सांगितलेलं नाही, आनंद तिच्या चेहऱ्यावर लपत नाही. तिला घेऊन जा आणि परत येऊ नकोस, पोथीसाठी नाही आणि माझ्यासाठीही नाही. मंगळवारी तिची खोली रिकामी दिसली की मी वस्तीला खरी तिथी सांगेन, मग लोक मला काय म्हणतील ते म्हणोत. सोमवारी मी ओढ्यापलीकडच्या उसात बाबूरावच्या नजरेसमोर असेन, तुम्ही जाताना मला दिसाल. हाक मारू नकोस, कृष्णा. माझ्याकडून ओ दिली जाईल.

तुझाच,
तुलसीरामदादा