मूळ संख्येचा जावई

नागपूर, ५ जानेवारी २०२५

ती. बाबांस,
अपेक्षाचा शिरसाष्टांग नमस्कार.

एसटीतून आलेला डबा आणि आतली चिठ्ठी मिळाली. स्थळं चांगलीच असतील, पण एम.एस्सी.नंतर मला गणितात पीएच.डी. करायची आहे. तरी आग्रहच असेल तर माझी एकच अट: मुलाचा मोबाइल नंबर मूळ संख्या हवा. म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेही पूर्ण भाग जाऊ नये. उदाहरणार्थ, १२३४५६७८९१. दहा आकडी संख्यांत अशी साधारण तेविसात एक सापडते. तुम्ही छत्तीस गुण जुळवता. हा एकच जुळवा.

आईच्या गुडघ्याला शेक द्या. कृपालोभ असावा, त्याला कशानेही भाग जाऊ नये.

आपली अपेक्षा


भिवापूर, १९ जानेवारी

चि. अपेक्षाले अनेक आशीर्वाद.

तू लिहिलेला नंबर लावून पाह्यला. बाई म्हणते, हा नंबर अस्तित्वात नाही. जो नाहीच, त्याले भाग कसा जाईन वं? असो. उमरेडचा तलाठी शेवटी चार आहे म्हणून गेला. भंडाऱ्याच्या डॉक्टरच्या आकड्यांची बेरीज सत्तावीस, तो तीनानंच गेला. मिरचीच्या सातऱ्यावर, आवारात देठ खुडता खुडता बाया आता भागाकार करून राहिल्या. शामलाकाकूनं काटोलचा संत्रेवाला सदतिसानं पाडला, अन् त्याच्या मायले फोन करून कळवलंही.

रामटेकचा पियुष मात्र सत्त्याण्णवपर्यंत टिकून आहे. पोरगा बँकेत आहे, नंबर मागं लिहिला. पुढं भागाचं का कुंकू लावाचं? खरं सांगजो.

तुहा बाबा


नागपूर, २६ जानेवारी

ती. बाबांस शि. सा. नमस्कार.

सत्त्याण्णवच्या पुढे अजून नऊ हजारांवर मूळ संख्यांनी भागून पाहावं लागतं. मी संगणकावर पाहिलं. भाग जातो असं लिहिणं सोपं होतं, सातऱ्यावर कुणाला कळलंही नसतं. पण खोटंच लिहायचं तर गणित कशाला शिकले? पियुषचा नंबर मूळ संख्या आहे. शब्द मी दिला, मी पाळीन. फक्त वीस तारखेची पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा देऊन येते, पास होण्यासाठी नाही, सहज.

अक्षर ओलं झालं, माफ करा.

अपेक्षा


भिवापूर, २ फेब्रुवारी

चि. अपेक्षाले आशीर्वाद.

मी अन् शामलाकाकू रामटेकले जाऊन आलो. पियुष लाजत म्हणे, अट दोन्हीकडून पाहिजे, मुलीचाही नंबर द्या. दिला. त्याच्या बापानं बशीतला चहा ठेवून बेरीज केली: पंचेचाळीस. नऊनं साफ भाग गेला. घरचे लोक उठून आत गेले, पोहे बाहेरच राहिले.

शामलाकाकू बसस्टँडपर्यंत बडबडली, पोरीनं सवताचा नंबर काहून नाही पाह्यला म्हणून. तुले माहीत होतं का नाही, हे मी विचारत नाही. तू खरं लिहिलं, ते मात्र सातऱ्यावर दोनदा वाचून दाखवलं. परीक्षेच्या दिवशी मी येतो. सहज बिहज नाही, पास होजो.

अन् पीएच.डी. होईपर्यंत सिम बदलवू नको.

लोभ आहेच, तो भागून उरते.

तुहा बाबा
रुपराव