अंगवस्त्राखालची दोन बोटं

मैलापूर, चेन्नई
डिसेंबर २००६

प्रिय गिरीधर,

माझं अक्षर तुला ओळखीचं वाटेल की नाही, कोण जाणे. हेमावती वाचून दाखवील. तुझी सूनही आपल्यासारख्याच तंजावरच्या मराठी घरातली आहे, अडखळणार नाही. तू आपला झोपाळ्यावर बस आणि ऐक.

परवा देवळाच्या तळ्यावरून येताना एका घरातून पोरांचं पाठांतर ऐकू आलं. तमिळ होतं, पण शेवटची ओळ लांबवायची रीत तीच, आणि मी थेट आपल्या शाळेत जाऊन पोचलो. मास्तर नदीची कविता म्हणायला उभं करायचे. पहिलं कडवं तू झकास म्हणायचास, दुसरं आलं की गप्प. मग मी बाकाआडून तुझं बोट दाबायचो आणि तुझी गाडी सुरू व्हायची. बोट दाबल्यावर ओळ कशी आठवते, हे तुलाही कधी सांगता आलं नाही.

पुढे इथे जॉर्ज टाउनच्या बाजारात तीच बोटं पोटापाण्याला आली. तू बेअरिंगच्या पेढीचा मालक, मी दलाल. भाव ठरायचा तो अंगवस्त्राखाली, हातात हात घेऊन, बोटांच्या खुणांनी. बघणाऱ्याला दिसायचं ते नुसतं हलणारं कापड. इरुंगाट्टुकोट्टैचा तो मोटारीचे भाग बनवणारा कारखाना मी तुला गिऱ्हाईक म्हणून आणून दिला, त्यासाठी दोन उन्हाळे बसचे धक्के खाल्ले. तेव्हाही तू माझा हात कापडाखाली ओढलास आणि दोन बोटं दाबलीस. म्हणजे ते बेअरिंग घेत राहतील तोवर मला शेकडा दोन दलाली. वर हसून म्हणालास, "जनकोजी, तू म्हातारपणी कविता वाचत बस, बेअरिंग तुला पोसतील." यावर कागद मागणं म्हणजे तुझ्या हातावर थुंकणं. मी मागितला नाही.

पुढे तुझा मुलगा कार्तिक गादीवर बसला. म्हणाला, काका, कारखाना आता थेट आमच्याशी बोलतो, तुमचा करार कुठे आहे? त्याचा मला राग नाही; कापडाखालचं त्याने पाहिलेलंच नव्हतं. मी पेढीवर दावा लावला आणि साक्षीला तुलाच बोलावलं. माझे वकील कपाळाला हात लावून बसले, म्हणाले, प्रतिवादीच्या बापाला कोणी आपला साक्षीदार करतं का? मी म्हटलं, गिरीधर उभा राहिला की खटला संपला.

संपलाच. पांढरीशुभ्र वेष्टी नेसून तू साक्षीच्या पिंजऱ्यात उभा होतास. दलाली ठरली होती का, असं विचारल्यावर तू दुसऱ्या कडव्याला अडायचास तसा अडलास, आणि इकडे माझं बोट मांडीवर आपोआप दाबलं गेलं. तू माझ्याकडे पाहिलंस, बसमध्ये शेजारी बसलेल्या परक्या माणसाकडे पाहावं तसं, आणि म्हणालास, "मला असं काही आठवत नाही." निकालात आलं, करार सिद्ध होत नाही. बाजारात आता माझा हात कोणी कापडाखाली घेत नाही. तुझं नाव मी घरात काढू देत नव्हतो.

मग गेल्या शुक्रवारी हेमावतीचा फोन आला. रडत होती. साक्षीच्या कितीतरी आधीपासून तुला घरचा रस्ता सापडत नव्हता. पेढीची पत जाईल म्हणून कार्तिकने झाकून ठेवलं. मी धावत आलो. दोघांच्या हातांवर अंगवस्त्र टाकलं, तुझी दोन बोटं दाबली. तू हात सोडवून घेतलास आणि हेमावतीला तमिळमध्ये विचारलंस, "हे कोण? यांना काय विकायचंय?"

वकिलांना हे कळल्यावर हुरूप आला. अपील करू, डॉक्टरांपुढे उभं करू, डोकं ठिकाणावर नाही हे दाखवलं की साक्ष उडाली. मी अपिलावर सही केली नाही. तुला पुन्हा कोणी उभं करणार नाही, हे कार्तिकला कळावं म्हणून हे पत्र. आणि दुसरी गोष्ट तुझ्यासाठी. तू खोटं बोललास असं वाटत होतं, तोवर खरं काय ते निदान आपल्या दोघांना ठाऊक होतं. आता ते माझ्या एकट्यापाशी आहे. काल नदीचं दुसरं कडवं म्हणायला गेलो आणि अडलो. आपणच आपलं बोट दाबून पाहिलं, गिरीधर. पुष्कळ वेळ दाबून पाहिलं.

तुझाच, बाकावरचा,
जनकोजी