माझ्यामागचा जाळीघराचा हिवाळा

मी, भिमाबाई सिताराम गमरे, वय अडुसष्ट, महापालिकेच्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, मूळ गाव मंडणगड तालुक्यातले, हल्ली राहणार ऐरोली, नवी मुंबई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हृदयाची एक झडप तेवढी ठिकाणावर नाही. ती पुढच्या आठवड्यात बदलणार आहेत. मला कोणी धाक दाखवलेला नाही की फूस लावलेली नाही. उलट थोरला मुलगा आकाश म्हणाला, “आई, ऑपरेशन साधं आहे. मृत्युपत्राचं टेन्शन कशाला घेतेस? मी आहे ना.”

तो आहे, म्हणूनच लिहीत आहे.

माझे यजमान सिताराम दिघ्याच्या बाजूला एका रसायनाच्या कारखान्यात फिटर होते. ते आता हयात नाहीत. मला दोन मुलगे. आकाश पत्नी पायल आणि मुलांसह खारघरला राहतो, नोकरीत चांगला आहे. धाकटा अंकुश माझ्याजवळ राहतो. तो अविवाहित आहे. डिप्लोमा झाल्यावर तो न्हावा शेव्याला एका कस्टम एजंटच्या ऑफिसात लागला होता. तिथे त्याला आवाज ऐकू यायला लागले. कंटेनरच्या रांगांतून आपल्याबद्दल कोणी बोलते आहे, असे तो म्हणू लागला. आम्ही आधी थट्टा समजलो, मग थकवा समजलो, आणि एक दिवस तो कामावरून घरी आला तो परत गेलाच नाही. स्किझोफ्रेनिया हा शब्द मी शाळेत कधी शिकवला नव्हता. पुढे तो मला पाठ झाला. औषध चालू आहे. औषध चालू असले की अंकुश तुमच्या-आमच्यासारखाच आहे, थोडा कमी बोलतो इतकेच.

एक. ऐरोलीचे हे सिडकोचे रो-हाउस माझ्या एकटीच्या नावावर आहे. माझ्यामागे अंकुशला यात मरेपर्यंत राहण्याचा हक्क राहील. तो जिवंत असेतो घर विकू नये, गहाण टाकू नये, गच्चीवर भाड्याची खोली बांधू नये. त्याच्यामागे घर आकाशच्या मुलांना जावे.

दोन. या मृत्युपत्राची अंमलबजावणी आणि अंकुशची देखभाल मी रुतिका धर्मा मढवी हिच्याकडे सोपवते. रुतिका दिवा गावातली, माझी विद्यार्थिनी, औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. तिची संमती घेतली आहे. सख्खा भाऊ असताना परक्या मुलीला का, असे लोक विचारतील. त्याचे उत्तर लिहून ठेवते.

अंकुशच्या आजारपणात यजमानांनी गच्चीवर एक जाळीघर उभारले. लोखंडी पाइप, वर हिरवी जाळी. डॉक्टर म्हणाले होते, याला असे काम द्या ज्याला सुरुवात आहे आणि शेवट आहे. त्यात ऑर्किड आली, अँथुरियम आली, अडेनियम आली. पोरगा माणसांत येईना, पण झाडांत आला. यजमान गेले, तेव्हाही त्याने त्या दिवशीचे पाणी चुकवले नाही.

गेल्या वर्षी पाऊस सरल्यावर मला छातीत दुखून दवाखान्यात ठेवले. आकाश घरी राहायला आला. कुंड्यांखालच्या ताटल्यांत डासांच्या अळ्या सापडल्या म्हणून फवारणीवाल्यांनी तंबी दिली होती. आकाशने माणसे बोलावून अख्खे जाळीघर उतरवले. पाइप भंगारात गेले. अंकुश जिन्यात उभा राहून बघत होता, असे विमलबाई शेजारणीने मला सांगितले. संध्याकाळी तो घरात नव्हता.

मला कोणी कळवले नाही. दुसऱ्या दिवशी रुतिकाची आई बायजा माझ्या कॉटजवळ आली. तिचे माहेर उरणजवळच्या मोरा बंदराचे. ती म्हणाली, “बाय, घाबरू नको. तुजा पोरगा गावलाय. मोऱ्याला हाय. माजे भावाचे होरीजवल बसलाय, मांडीवर कुंडी घेऊन.”

“कुंडी?”

“भाऊ बोलला, कोनाला हात लावू देत नाय. चा पाजला त्याला. आकाशला फोन केलाय, तो निंगालाय.”

आकाश त्याला घेऊन आला. अंकुशला पुढे बरेच दिवस भरती करावे लागले. मी घरी आल्यावर आकाशला विचारले, “मला विचारायला तुला तोंड नव्हतं?”

“आई, मला वाटलं तू यायच्या आत सगळं स्वच्छ होईल. झाडं नंतर परत आणता आली असती.”

झाडे परत आणता येतात, असे ज्याला वाटते त्याच्या हाती मी अंकुशला देऊ शकत नाही. हे रागाने लिहिलेले नाही. राग आहे, पण तो यात धरलेला नाही.

तीन. जाळीघर. या वर्षी अंकुशने बांबू आणून ते पुन्हा उभे केले, पहिल्याच्या निम्मे. ते त्याच्या मालकीचे. रुतिकाने पुढील गोष्टी सांभाळाव्यात, कारण दसरा ते थंडी हाच काळ त्याला सर्वांत जड जातो. पाऊस संपतो, उकाडा वाढतो, त्याची झोप उडते. या दिवसांत हाताला काम राहिले तर तो निभावून नेतो.

दसरा, म्हणजे आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन, झाला की पावसाळ्यासाठी वर घातलेला प्लास्टिकचा कागद त्याने काढावा. जाळीवर शेवाळ आणि कारखान्यांची काजळी बसलेली असते, ती ब्रशने धुवावी. मग ऑर्किड कुंडीतून काढून कुजलेली मुळे कापावीत आणि नवा कोळसा व नारळाच्या सोडणाचे तुकडे भरावेत. गुलाबाची छाटणी याच दिवसांत. पिठ्या कीड दिसली तर कडुनिंबाचे तेल साबणाच्या पाण्यात, ऊन उतरल्यावर. अडेनियमचे पाणी हळूहळू तोडावे. ताटल्या मात्र कोरड्या ठेवाव्यात. आकाशचे तेवढे बरोबर होते.

खाडीवरून पहाटे गार वारा येऊ लागला की उत्तरेची बाजू कागदाने बंद करावी, पण खाली वीतभर फट सोडावी. सगळीकडून बंद केले की पाने आतल्या आत सडतात. थंडीत पाणी सकाळी ऊन आल्यावरच. आपल्याकडची थंडी ती कितीशी, असे लोक हसतात. पण ज्याने घाटावरची थंडी पाहिली नाही त्या झाडाला ऐरोलीचीही पुरते.

हे सगळे अंकुशला येते. रुतिकाने त्याला शिकवू नये. फक्त विचारावे, “आज काय करायचंय रे?” तो सांगू लागला तर ठीक. “काही नाही” म्हणाला आणि असे लागोपाठ म्हणू लागला, तर औषधे तपासावीत. तोंडात ठेवून नंतर थुंकतो कधी कधी. त्याला रागावू नये.

चार. बँकेतील ठेवीचे व्याज अंकुशच्या औषधपाण्याला. मूळ ठेव त्याच्यामागे आकाशला. माझ्या पाटल्या पायलला. तिने माझे दुखणे काढले, कधी बोलून दाखवले नाही.

पाच. माझी छाटणीची कात्री विमलबाईला. ती गेली कित्येक वर्षे आमच्या गच्चीवरून फांद्या नेते आणि विचारले की म्हणते, “मागून आणलेलं जगत नाय हो बाई, चोरलेलंच जगतं.” निदान नीट कापून तरी न्यावे. नखांनी तोडते, फांदी चिरते.

सहा. माझा अंत्यविधी बौद्ध पद्धतीने व्हावा. जलदान विधीला मोठे जेवण घालू नये. दीर अमुक बोलले, नणंद तमुक बोलली, याकडे मुलांनी लक्ष देऊ नये. ती मंडळी अंकुश आजारी असताना दारावरून गेली, आत आली नाहीत.

सात. मृत्युपत्र इथे संपणार होते. काल दुपारी मी ते गच्चीवर अंकुशला वाचून दाखवले. तो उत्तरेचा कागद ताणून बांधत होता. ऐकून झाल्यावर म्हणाला, “मी आजारी पडलो तर मला कोण नेणार?”

“रुतिका.”

“रुतिकाचं मी ऐकणार नाही, आई. तेव्हा मी कोणाचंच ऐकत नाही. दादा पायजे.”

“ज्याने तुझं जाळीघर मोडलं तो?”

तो खाली बसला. सुतळीची गाठ सोडत, पुन्हा घालत राहिला. “मोडलं त्यानं. पण मोऱ्याला मी झाड घेऊन बसलो नव्हतो नुसता. समुद्राला भरती यायची वाट बघत होतो. दादा आला तेव्हा मी धक्क्याच्या पायऱ्या उतरलो होतो. पाणी कमरेला आलं होतं. दादाला पोहता येत नाही, तुला म्हायतीय ना? तो बुटासकट आत आला. मी त्याला मारलं, चावलो. त्यानं सोडलं नाही.”

मला हे कोणी सांगितले नव्हते. बायजाने नाही, आकाशने नाही. मी खाली येऊन आकाशला फोन लावला. विचारले, “मोऱ्याचं का नाही बोललास?”

तो म्हणाला, “तुझ्या छातीला झेपलं नसतं. आणि चूक माझीच होती ना, आई. कुठल्या तोंडानं सांगणार?”

मी फोन ठेवला. हे कागद पुन्हा पुढ्यात घेतले. दुसऱ्या कलमातले शब्द मी खोडत नाही, ते खरे आहेत. पण ते पुरे नव्हते. म्हणून अंकुशच्या सांगण्यावरून हे कलम जोडत आहे:

अंकुशची तब्येत बिघडली तर रुतिकाने क्षणभरही न थांबता आकाशला फोन करावा. त्याला दवाखान्यात नेण्याचा पहिला अधिकार आकाशचा. अंकुश नको म्हणाला, शिव्या घातल्या, हात उगारला, तरी आकाशने त्याला सोडू नये. हे अंकुशने स्वतः, पूर्ण शुद्धीत असताना सांगितले आहे. साक्षीदार म्हणून नव्हे, तर आपली इच्छा म्हणून त्याने या कलमाखाली सही केली आहे.

(सही) अंकुश सिताराम गमरे

यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. वरील मजकूर दोन्ही साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला, आणि त्यांच्या देखत सही केली. त्यांनीही माझ्या देखत केली.

(सही) भिमाबाई सिताराम गमरे

साक्षीदार:
१. (सही) नंदकिशोर बळीराम तांबे, निवृत्त मुख्याध्यापक, ऐरोली
२. (सही) अरुणा विश्वास मोहिते, परिचारिका, ऐरोली

स्थळ: ऐरोली, नवी मुंबई
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५