बेळगावला पाठवलेला कमरपट्टा

कोरमंगला, बेंगळूर
रविवार, १४ जून १९९८

प्रिय अक्का,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. मी बरी आहे. ऑफिस नेहमीसारखं, घरमालकीणबाई नेहमीसारख्या. तुमच्या गच्चीवर पत्रे घातल्याचं आई फोनवर सांगत होती. बरं झालं, आता पापड वाळत घालताना कावळे राखायला नकोत.

सव्वादोन वर्षांत मी तुला दिवाळीच्या कार्डापलीकडे काही लिहिलेलं नाही. त्यामुळे हे जाडजूड पाकीट बघून तू बिचकली असशील. वाईट बातमी नाही. अगदी उलट आहे.

अक्का, मी नाच शिकतेय.

हसून झालं असेल तर पुढे वाच. शाळेच्या संमेलनात जिला पडदा ओढायला उभं करायचे, ती मी, वय वर्षं छत्तीस, वजन तुला सांगणार नाही इतकं, डिसेंबरपासून दर शनिवारी चार वाजता नाचायला जातेय. आणि नाच कुठला, तर बेली डान्स. सिनेमात स्मगलरच्या अड्ड्यावर चालतो तसला डोळ्यांसमोर आणू नकोस. कोपऱ्यावरच्या बेकरीत टाइप केलेला कागद चिकटवला होता, ‘फक्त बायकांसाठी, वयाची आणि वजनाची अट नाही’. मी पाव घेऊन बाहेर पडले, परत आत गेले आणि पत्ता लिहून घेतला.

शिकवणाऱ्या धनलक्ष्मी मॅडम मूळच्या मंगळूरच्या, पन्नाशीच्या. नवरा इंजिनियर, त्यामुळे नऊ वर्षं कैरोला होत्या. तिथे शेजारणीकडून शिकल्या. त्या म्हणतात, तिकडे लग्नघरात आज्यासुद्धा नाचतात, बायका बायकांत, दार लावून. आपण मंगळागौरीला नाचतो तसंच म्हण ना. मॅडमच्या हॉलमधली खुर्च्या-टेबलं भिंतीला सरकवायची, पडदे ओढायचे आणि आम्ही सातजणी अनवाणी उभ्या राहतो. पहिल्या दिवशी त्यांनी एवढंच सांगितलं, “पोट आत ओढू नका. आयुष्यभर ओढलंय, आता सोडा.” मी सोडलं. अक्का, इतकं मोकळं मला कधी वाटलं नव्हतं.

पोशाखाचा नाद पहिले सहा महिने करायचा नाही, नवशिकीला कमरेखाली घट्ट बांधलेली ओढणी पुरते, असं मॅडमचं म्हणणं. पण मला कुठला धीर. मी चिकपेटेत जाऊन देवीच्या वस्त्रांना लावतात त्या पातळ पितळी चकत्या आणल्या आणि हंबीररावांकडे गेले. हे आपल्याच नामदेव शिंप्यांपैकी, चार पिढ्या इथल्या, निम्मं मराठी निम्मं कन्नड बोलणारे. मी कमरपट्ट्याचं चित्र काढून दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला. इथे कुठल्याही बाईला अक्काच म्हणतात.

“हे घालून कुठं जायचं, अक्का?”

“नाचायला.”

“नाचणार कोण?”

“मी.”

“सरी,” म्हणजे बरं, एवढंच म्हणाले आणि टेप काढली. मग मात्र त्यांना माझ्यापेक्षा जास्त उत्साह. नुसत्या जॉर्जेटवर चकत्या लावल्या तर वजनानं कापड फाटेल, म्हणून आत कॅनव्हास घातलं. गाठ सुटते म्हणून हूक लावले. प्रत्येक चकती दुहेरी दोऱ्यानं सैल टाचली, म्हणजे ती हलेल आणि वाजेल. नेहमीच्या परकरावर मी तो पट्टा बांधला, दुकानातच एकदा कंबर हलवली, आणि मागे काज करत बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी सुया थांबवल्या.

खालच्या मजल्यावर शंतनु म्हणून पुण्याचा कॉम्प्युटरवाला राहतो. तो अमेरिकेला गेला तेव्हा त्याच्याकडून नवशिक्यांसाठीची व्हिडिओ कॅसेट मागवली. आपल्या व्हीसीआरवर लावली तर नुसत्या पट्ट्या, बाई वर धावतेय आणि तिचे पाय पडद्याच्या खालून परत येतायत. तिकडची पद्धत वेगळी असते म्हणे. शेवटी एका स्टुडिओतून बदलून आणली. आता एक हालचाल बघायची, थांबवायची, मागे न्यायची, परत बघायची, आणि मी वहीत चित्र काढून लिहून ठेवायचं. अशा चोवीस हालचाली झाल्या आहेत. सापासारखे हात, छाती डावी-उजवीकडे सरकवणं, पोटाची लाट, कमरेचा इंग्रजी आठ.

वेगळ्या पार्सलनं तुझ्यासाठी एक कमरपट्टा पाठवलाय, हंबीररावांनीच शिवलेला. सोबत कॅसेटची कॉपी, बोटांत इलॅस्टिकनं अडकवायच्या छोट्या झांजा आणि माझी वही. वहीत अकरा पानांवर लाल ठिपके आहेत. ती आधी बघ. त्यांना गुडघा लागत नाही. खुर्चीत बसूनसुद्धा होतात.

कळव कसं वाटलं ते. लगेच कळव.

तुझी,
श्यामला


कोरमंगला
रविवार, १२ जुलै १९९८

प्रिय अक्का,

नमस्कार. पार्सल परत आलं. पट्टा, कॅसेट आणि झांजा, सगळं नीट घडी घालून. सोबतची तुझी चिठ्ठी मला पाठ झालीय: ‘मला खेळणी पाठवू नकोस. आणि ते लाल ठिपके नक्की कुणासाठी आहेत, हे स्वतःला विचार.’

वही पार्सलमध्ये नव्हती. विसरलीस की ठेवून घेतलीस, ते विचारत नाही.

चार दिवस मी रागात होते. एवढं प्रेमानं पाठवलं आणि हिनं असं करावं. मग काल क्लासला गेले, आरशात नाचताना स्वतःला बघितलं आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक आहे हे कळलं. ते लिहिते. मध्ये थांबले तर पुन्हा लिहिणं व्हायचं नाही, म्हणून एका बैठकीत लिहितेय.

फेब्रुवारी शहाण्णवमध्ये तू कार्यक्रमासाठी इथे आलीस. मल्लेश्वरमच्या त्या हॉलमध्ये तू दीड तास नाचलीस आणि लोक उभे राहिले. नंतर मेकअपच्या खोलीत एका बाईंनी विचारलं, “ही तुमची बहीण? ही नाही का नाचत?” तू हसून म्हणालीस, “हिला ताल आणि टाळ यातला फरक कळत नाही.” सगळे हसले. मीही हसले. तू थकली होतीस, सहज बोललीस, तुला आठवतही नसेल. मी मात्र ते सोबत घेऊनच स्कूटरवर बसले.

तू म्हणालीस, रिक्षा करू. मी म्हणाले, स्कूटर आहे की. तू मागून दोनदा म्हणालीस, “श्यामे, हळू.” दुसऱ्यांदा म्हणालीस तेव्हा मी मुद्दाम मूठ जोरात पिळली. वळणावर बांधकामाची वाळू पसरलेली होती.

कुत्रं आडवं आलं असं मी आधी रिक्षावाल्याला सांगितलं, मग डॉक्टरांना, मग आईला, मग भाऊजींना. कुत्रं नव्हतं, अक्का. तुला ठाऊक आहे नव्हतं. डॉक्टरांनी तुला विचारलं तेव्हा तुझ्या गुडघ्याची हाडं बाहेरून दिसत होती, आणि तू दात आवळून म्हणालीस, “हो, कुत्रं होतं.” त्यानंतर तू तुझा क्लास बंद केलास. तीस मुली होत्या ना? भरतनाट्यमच्या अरमंडीत बसायला गुडघा वाकावा लागतो आणि तुझा वाकत नाही. आणि मी दिवाळीला कार्डं पाठवत राहिले.

ही एक गोष्ट झाली. दुसरी लिहायला याहून अवघड आहे.

मी या नाचाला तुझ्यासाठी गेले नाही. लाल ठिपके तिसऱ्या महिन्यात आले. पहिले दोन महिने मी फक्त नाचत होते. मला फार मजा येत होती. बसमध्ये, ऑफिसच्या जिन्यात, भाजी चिरताना माझी कंबर आपोआप चालायची. मला ताल कळतो, अक्का. उशिरा कळला, पण कळतो. आणि ज्या बाईनं तुझा नाच घालवला तिनं इतकं खूश असणं मला सोसवेना. म्हणून मी त्या खुशीत तुझं नाव घातलं. लाल पेन घेऊन बसले. ठिपके माझ्यासाठी होते.

माफ कर असं लिहिणार होते, पण तेही मी स्वतःसाठीच मागितल्यासारखं होईल. तू काहीही केलंस तरी मला चालेल. उत्तर नाही आलं तरी.

नाच मात्र मी सोडणार नाही. हे तुला खोटं सांगणार नाही.

श्यामला


कोरमंगला
रविवार, ३० ऑगस्ट १९९८

प्रिय अक्का,

नमस्कार, नमस्कार, आणि भाऊजींना आणखी एक.

तुझं पाकीट बुधवारी आलं. ऑफिसला निघताना पोस्टमननं जिन्यातच हातात दिलं आणि मी पायरीवर बसूनच फोडलं. बस गेली. पुढचीही गेली.

सहा आठवडे तू गप्प होतीस. मी धरून चालले होते की संपलं. आणि आत निघाले फुलस्केपचे अकरा कागद, प्रत्येक ठिपक्याच्या पानासाठी एक, दोन्ही बाजूंनी लिहिलेले. ‘पान चार: तू कंबर लिहिलं आहेस, ही हालचाल बरगड्यांची आहे. नीट बघत जा.’ ‘पान नऊ: हाताची लाट खांद्यापासून सुरू होते, मनगटापासून नाही. तुझं चित्र चूक आहे.’ ‘पान सोळा: हे खुर्चीत बसून होत नाही. मी करून पाहिलं. खुर्चीच्या कडेला बसून होतं.’ मी करून पाहिलं, हे तीन शब्द मी किती वेळा वाचले ते विचारू नकोस.

शेवटच्या कागदावरचा मजकूरही वाचला. ‘कुत्रं नव्हतं हे यांना मी परवा सांगितलं. आईला तू सांग. मेकअपच्या खोलीत मी काय बोलले ते मला आठवतं. तेव्हाही कळलं होतं की तुला लागलं. राग अजून आहे. कमी होईल की नाही माहीत नाही. पट्टा परत पाठव, चार बोटं वाढवून.’

त्याच दुपारी ऑफिसमधून अर्धी रजा घेतली आणि एसटीडी बूथवरून आईला फोन लावला. सगळं सांगितलं, वाळू, वेग, सगळं. आई म्हणाली, “पाडलंस ते पाडलंस. पण इतकी वर्षं तिला एकटीला तुझं खोटं सांभाळायला लावलंस.” मग तिनं विचारलं, “जेवलीस का?” मी बूथमध्ये रडले, आणि बूथवाले काका मीटरकडे न बघता रस्त्याकडे बघत राहिले.

तिथून थेट हंबीरराव. पट्टा टेबलावर ठेवला, म्हटलं चार बोटं वाढवायचाय, अक्काला हवाय. त्यांनी हातातला शेरवानीचा गळा बाजूला सारला. सोमवारी पार्सल करते.

आता कालचं ऐक. मॅडमच्या हॉलमध्ये आमचा पहिला कार्यक्रम झाला. फक्त बायका, अठ्ठावीसजणी, सतरंजीवर दाटीवाटीनं. मी चौथी. निळा घेरदार परकर, त्यावर माझा पट्टा, तीन मीटर शिफॉनची ओढणी, आणि पोट उघडं. हो, उघडं. सुरुवातीला ओढणी खांद्यावरून सरकवताना ती पट्ट्याच्या चकतीत अडकली आणि पुढे कुणीतरी खुदकन हसलं. एरवी मी तिथेच मेले असते. पण तुझं वाक्य आठवलं, पान चारचं: ‘बरगड्या डावीकडे नेताना खांदा जागेवर ठेव. खांदा चुगलखोर असतो, नाचणारीची भीती तो आधी सांगतो.’ मी खांदा जागेवर ठेवला. ओढणी सावकाश सोडवली, जणू तो नाचाचाच भाग. चार मिनिटं नाचले. एकदाही मोजावं लागलं नाही.

मॅडमनी नंतर मला बाजूला घेऊन विचारलं, “इतक्या महिन्यांत जमत नव्हतं ते चार दिवसांत कुणी सुधारलं?” मी तुझे कागद दाखवले, कन्नडमध्ये वाचून दाखवले. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि तिथल्या तिथे तुझी पान सोळाची हालचाल करून बघितली, खुर्चीच्या कडेला. मग आमच्यातल्या एकीला हाक मारली. तिच्या पाठीचं ऑपरेशन झालंय, ती दर शनिवारी कोपऱ्यात बसून नुसती बघते. काल ती पहिल्यांदा नाचली, अक्का, बसून.

मॅडमनी तुला निरोप दिलाय, जसाच्या तसा लिहिते: “तुमच्या अक्कांना सांगा, नवशिक्यांसाठी असं पूर्ण पुस्तक लिहून द्या. चोवीसही हालचाली. मला दया म्हणून नको, मला हे शिकवता येत नाही म्हणून हवंय.” तू हो म्हण किंवा नाही म्हण. मी आग्रह करणार नाही. ठिपके तर काढणारच नाही.

दसऱ्याला मी बेळगावला येते. स्टँडवरून रिक्षा करून येईन. तुझा राग तसाच असू दे, मी काही तो काढायला येत नाही. तू शिकव, मी समोर उभी राहीन, चुकेन तिथे ओरड. भाऊजींच्या आणि आईच्या समोर ओरड.

जिनं तुला पाडलं ती, तुझी धाकटी बहीण,
श्यामला